ठेवणीतला दोष

कपाटात ठेवणीतली साडी असते ना, तसा त्या शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाचा एक ठेवणीतला दोष होता. तपासणीला कोणी साहेब आले की तो बाहेर काढायचा, झटकायचा आणि एकमेकांच्या अंगावर घालायचा. खेळाचे सर, म्हणजे शिट्टीसर, 'फार मनाला लावून घेतात'. चित्रकलेच्या बाई 'कामात घड्याळ विसरतात'. आणि गणिताच्या कंसबाई 'स्वतःच्या तब्येतीकडे बघत नाहीत'. दोष तर सांगून झाला, पण केसालाही धक्का नाही! साहेब गंभीरपणे मान डोलवायचे, चहा-बिस्किटं संपवायचे आणि आल्या वाटेनं जायचे.

कंसबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. गणित कुठलंही असो, "आधी कंस सोडवा, मग जगाचं बघू," हे बाईंचं पालुपद. हे ऐकत ऐकत कितीतरी मुलं मोठी झाली, आणि त्यातलीच एक शिकून-सवरून परत त्याच शाळेत विज्ञान शिकवायला आली. शिक्षकांच्या खोलीत ती अजूनही 'छोटी'च होती. तिला चष्मा लागला, आवाजाला धार आली, पण ज्यांनी तुम्हाला सातच्या पाढ्यावर रडताना बघितलंय, त्यांच्यापुढे तुम्ही काय कप्पाळ मोठे होणार!

मग शाळा नव्या संस्थेकडे गेली. भिंती राखाडी झाल्या. शिक्षकांची खोली 'संवाद कक्ष' झाली आणि तिथली मोडकी आरामखुर्ची, जिच्यावर बसायला रोज भांडणं व्हायची, ती गायब झाली. नवे संचालक आले. मऊ आवाजाचे, प्रत्येकाचं ऐकताना डोकं किंचित तिरकं करणारे. त्यांनी छोटीला गणित-विज्ञानाची विभागप्रमुख केलं. म्हणजे थेट कंसबाईंच्या डोक्यावर!

छोटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंसबाईंनी मात्र स्वतःच्या रुमालानं तिची नवी खुर्ची पुसली. "बस. आणि पाय हलवत बसू नकोस, साहेब झालीस आता."

घरी आईनं तर सगळ्या इमारतीत सांगून टाकलं. जिन्यात भेटेल तो म्हणायचा, "काय प्रमुखबाई!"

संचालकांनी 'मनमोकळा दिवस' जाहीर केला. सगळ्यांनी गोल बसायचं आणि प्रत्येकानं एका सहकाऱ्याची एक उणीव सांगायची. "इथे बोललेलं कुणाच्याही विरोधात वापरलं जाणार नाही," ते म्हणाले. "खरी उणीव कळली, तरच मदत करता येते."

त्या दिवशी सकाळी नळापाशी शिट्टीसरांनी छोटीला गाठलं. "हे बघ छोटे, वाटण्या झाल्यात. तुझ्या वाट्याला कंसबाई. तब्येतीचं म्हण आणि खाली बस. तुझा दोष अजून ठरायचाय. 'उत्साहाच्या भरात जेवायचं विसरते', चालेल?"

"सर, मी कधीच जेवायचं विसरत नाही."

"म्हणून तर चालेल!"

छोटी हसली, पण मनात म्हणाली, काय ही भित्री नाटकं! कारण तिला एक खरी गोष्ट माहीत होती. कंसबाईंचा डावा कान गेला होता. वर्गाच्या डाव्या बाजूचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. मुलांनी त्यावर गुपचूप तोडगा काढला होता. शंका आली की उठून उजवीकडच्या पहिल्या बाकावर जाऊन बसायचं. त्याला 'शंकेचा बाक'च म्हणायचे. पण धीट होती ती जायची, लाजरी होती ती डावीकडेच राहायची. एकदा छोटीनं व्हरांड्यातून पाहिलं होतं. एका मुलीनं प्रश्न विचारला, परत विचारला, मग हळूच वही मिटली. बाई फळ्यावर लिहीतच होत्या.

एक कानात घालायचं यंत्र आणि बाकांची थोडी फिरवाफिरव. एवढंच तर हवं होतं! नव्या संस्थेकडे काय कमी होतं? मागायला नको?

म्हणून तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि सगळं बोलली. छान बोलली. कानाचं, शंकेच्या बाकाचं, वही मिटणाऱ्या मुलीचं, हव्या असलेल्या यंत्राचं.

चित्रकलेच्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

छोटी नेमकी कंसबाईंच्या डाव्या हाताला बसली होती. त्यांना काहीच नीट ऐकू आलं नव्हतं. सगळे असे चिडीचूप का, म्हणून त्या हसऱ्या चेहऱ्यानं तिच्याकडे वळल्या. "काय म्हणालीस गं? तब्येतीचंच ना?"

संचालकांनी टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात नेतृत्व."

पुढच्या सोमवारी कंसबाईंचे सगळे तास काढून घेतले. त्यांना साहित्य खोलीत बसवलं, खडू, नकाशे आणि फुटक्या परीक्षानळ्या सांभाळायला. अख्ख्या शाळेत सगळ्यांचे दोष कागदी निघाले. खरा निघाला तो एकटीचा. मग संस्थेनं कोणाला 'सुधारायचं'?

छोटी तरातरा संचालकांच्या खोलीत गेली. "सर, मी मदत मागितली होती! कोणाविरुद्ध वापरणार नाही म्हणाला होतात तुम्ही."

"विरुद्ध कुठे? विद्यार्थ्यांच्या बाजूनं वापरलं." त्यांनी डोकं तिरकं केलं. "मॅडम, मुलांचे प्रश्न त्यांना ऐकू जात नाहीत, हे तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं, पण—"

"की चूक झाली पाहण्यात? तसं असेल तर उद्या सभेत सांगा. त्यांचे तास परत देऊ. फक्त ज्यांचं निरीक्षण चुकतं, त्यांना प्रमुख कसं ठेवणार, हा प्रश्न उरतो."

म्हणजे एक वाक्य. 'माझी चूक झाली.' एवढं म्हटलं की बाई परत फळ्यापाशी. छोटीला जिन्यातली माणसं आठवली, आईचा फुललेला चेहरा आठवला. मग वही मिटणारी मुलगी आठवली आणि तिनं घाईघाईनं त्या मुलीचाच आधार घेतला. खोटं कसं बोलायचं? मुलांचं नुकसान नको ना!

"विचार करते," ती म्हणाली. पण दाराबाहेर पाऊल टाकतानाच तिला कळलं होतं, ती काही बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी सभा झाली. ती बोलली नाही.

धीर गोळा करून ती साहित्य खोलीत गेली, तेव्हा कंसबाई खडूंचे तुकडे लांबीप्रमाणे लावत होत्या. खिडकी नव्हती. ओल्या पुठ्ठ्याचा वास होता.

"या बाजूनं ये," त्या उजवीकडे हात करत म्हणाल्या.

"बाई, मला वाटलं होतं की ते यंत्र—"

"खरं तेच बोललीस तू. डावीकडच्या पोरांचं मी नुकसान केलं. कळत होतं मला. निवृत्तीपर्यंत रेटू म्हटलं, कोणाला कळतंय!" त्यांनी एक खडू उचलला, परत ठेवला. "पण मला सांगायचंस ना गं. एकटीला. या कानात."

छोटीनं पायाशी पडलेला एक तुकडा उचलून त्यांच्या ओळीत लावला.

"जा, तास असेल तुझा," बाई म्हणाल्या आणि पुन्हा खडूंकडे वळल्या. नंतर छोटी दारातून दोनदा 'बाई' म्हणाली. ती त्यांच्या डावीकडे उभी होती.

गणिताला नवे सर आले. तरुण, दोन्ही कान शाबूत. 'प्रश्न शेवटी' हा त्यांचा नियम. शेवटी घंटा व्हायची. शंकेचा बाक रिकामा पडला, आणि आता उजवीकडचीही वही मिटू लागली.

पुढच्या सत्रातला मनमोकळा दिवस छोटीनंच घ्यायचा होता. सगळे गोल बसले. नवे सर 'फार झपाटून काम करतात'. चित्रकलेच्या बाई अजून घड्याळ विसरत होत्या. कोणी अडखळलं नाही, कोणी हसलं नाही. कंसबाईंना कोणी बोलावलंच नव्हतं.

"आणि माझं?" छोटीनं विचारलं. नळापाशी तिला तिचा दोष सांगायला या वेळी कोणी आलं नव्हतं. तिनं शिट्टीसरांकडे पाहिलं. जेवायचं विसरते म्हणा ना, सर. म्हणा ना!

शिट्टीसर उभे राहिले. त्यांनी शर्ट खाली ओढून नीट केला.

"तुमच्यात काहीच दोष नाही, मॅडम," ते म्हणाले आणि खाली बसले.