धग ओळखणारा हात

मित्रांनो, पाव तुम्ही रोज खाता, पण तो ज्या काळोखातून बाहेर येतो त्यात तुम्ही कधी डोकावला नसाल. तो काळोख म्हणजे मी. विटांची, घुमटासारखी पाठ असलेली, लाकडावर तापणारी एक म्हातारी भट्टी. बंगळूरच्या चामराजपेटेत एका अय्यंगार बेकरीच्या मागच्या खोलीत माझे सारे आयुष्य गेले. पुढच्या बाजूला काचेच्या बरण्या, गिऱ्हाइकांची वर्दळ, गप्पा. मी भिंतीआड. मला कुणी पाहत नाही, पण माझा वास मात्र रस्त्याच्या वळणापर्यंत जातो, आणि तेवढ्यावर मी समाधानी होते.

मला बांधले ते तमिळ मुलखातून आलेल्या आरुमुगम मेस्त्रीने. माझ्या पायात त्याने मीठ, वाळू आणि फुटक्या काचांचा थर घातला. तो थर ऊब धरून ठेवतो. विटा मातीत गूळ कालवून बसवल्या. माझे मालक वरदराजन अय्यंगार तेव्हा अगदी तरुण होते. हासनकडच्या खेड्यातून येऊन त्यांनी आपल्या मामांच्या बेकरीत हात घडवला होता. त्यांच्या लोकांत ही रीतच होती. गावाकडचा भाचा किंवा पुतण्या यायचा, मामाकडे शिकायचा, आणि शिकला की दुसऱ्या पेठेत जाऊन स्वतःची बेकरी थाटायचा. मामा चार दिवस रुसायचे आणि मग नारळ घेऊन उद्घाटनाला हजर व्हायचे.

वरदराजन पहिल्या दिवशी स्नान करून, कपाळी वैष्णवांचे उभे नाम ओढून माझ्यासमोर आले. माझ्या तोंडाला त्यांनी हळदकुंकू लावले, हात जोडले आणि मग काडी ओढली. तो नेम त्यांनी पुढे एक दिवसही चुकवला नाही. एकादशीला स्वतः निराहार राहायचे, पण माझ्या पोटात लाकूड घालायला पहाटे उभे असायचे. नेमाने राहणाऱ्या माणसाच्या हातून पेटणे हे मी माझे भाग्य समजत असे.

आता माझा स्वभाव सांगते. मी दिवसातून एकदाच तापते आणि मग दिवसभर हळूहळू उतरत जाते. निखारे ओढून काढले, ओल्या पोत्याने फरशी पुसली, की माझी धग सर्वांत चढी असते. तेव्हा पाव. थोडी उतरले की कांदा-मिरची घातलेले खारे बन. मग केक, मग लोण्याची बिस्किटे, आणि शेवटी, माझ्यात नुसती ऊब उरली की पावाच्या चकत्या माझ्या पोटात निजायच्या आणि टोस्ट होऊन उठायच्या. ही रांग कुणाला मोडता येत नाही. पाव खोळंबला तर बन खोळंबतात, बन खोळंबले तर केकचे पीठ बसते, आणि संध्याकाळी बिस्किटांच्या बरणीपाशी उभे असलेले गिऱ्हाईक रिकाम्या पिशवीने परत जाते. सगळी बेकरी माझ्या उतरणीवर चालायची. म्हणून पहिला पाव कधी आत सरकवायचा, हा एक निर्णय चुकला की सारा दिवस चुकला.

तो निर्णय वरदराजन कसा घ्यायचे, ठाऊक आहे? उजवा हात कोपरापर्यंत माझ्या तोंडात घालायचे आणि विष्णूचा एक श्लोक म्हणायचे. श्लोक अर्ध्यावर असतानाच हात ओढून घ्यावा लागला, तर मी फार तापलेली. श्लोक संपूनही हात सुखात राहिला, तर मी थंडावलेली. शेवटच्या शब्दाला कातडीला चटका बसला, की पाव आत. सुरुवातीच्या काळात ते श्लोक मोठ्याने म्हणायचे. पीठ मळणारे, पाव कापणारे सगळे सूर मिळवायचे आणि माझ्या घुमटात तो घुमत राहायचा. मला तर वाटे, हा माझाच अभिषेक चालला आहे.

त्या दिवसांत त्यांच्या बहिणीचा मुलगा संपत शिकायला आला. हाताने चलाख आणि जिभेने त्याहून.

"मामा, श्लोक जरा आटपता घ्या. भट्टीच्या आधी मीच भाजून निघतोय इथे."

"तू भाजत नाहीस रे, नुसता करपतोस. हात चालव."

संपतने हात चालवला, चांगलाच चालवला. सगळे शिकला आणि एक दिवस निघाला. रीतीप्रमाणे निघाला, पण दुसऱ्या पेठेत गेला नाही. आमच्याच रस्त्यावर, वळणापलीकडे, त्याने तशीच पाटी लावली. आमचे निम्मे गिऱ्हाईक तिकडे वळले. वरदराजन नारळ घेऊन गेले नाहीत.

दुसऱ्या पहाटे त्यांनी हात माझ्या तोंडात घातला आणि ओठ मिटून घेतले. श्लोक आतल्या आत झाला. त्यानंतर कुणी नवीन कामाला आले की एकच नियम सांगितला जायचा, "मळा, कापा, बांधा, धुवा. भट्टीचं तोंड माझं." वरदराजनना सगळे स्वामी म्हणत. लोक म्हणायचे, स्वामींची भक्ती किती खोल गेली आहे, आता ओठही हलत नाहीत. मला मात्र खरे ठाऊक होते. दुसरा कुणी संपतसारखा शिकून जाऊ नये म्हणून देवाच्या नावाचे त्यांनी कुलूप केले होते. मी रोज तापायचे, पण माझा घुमट मुका झाला होता.

तरी आमचे नाव वाढतच गेले. समोरच्या गल्लीत राहणारे निवृत्त शिक्षक शामण्णा मास्तर रोज सकाळी यायचे आणि म्हणायचे, "स्वामी, तुमचा पाव इतका मऊ, की मी दात लावून घेतले नाहीत. गरजच काय?" वरदराजन हसायचे. पण आतल्या खोलीत माणसे टिकेनाशी झाली होती. हासनकडची मुले आता संगणकाच्या कंपन्यांत जाऊ लागली. मामाच्या बेकरीत पीठ मळायला कोण येणार? बाहेरगावची माणसे यायची, थोडे दिवस राहायची आणि जायची. एकजण जाताना म्हणाला, "इथं मी म्हातारा होईन, पण भट्टीवाला काही होणार नाही."

मुलगी वैदेही काउंटर सांभाळू लागली होती. तिला हे दिसत होते.

"अप्पा, तुम्ही आजारी पडलात तर बेकरी कोण चालवणार?"

"मी आजारी पडणार नाही."

"हे कुणाशी ठरवलंत?"

"वरच्याशी."

"लेखी घेतलंत का त्याच्याकडून?"

ते रागावून आत निघून गेले.

आणि मग एका सकाळी ते पावाचे साचे उचलता उचलता कोसळले. अर्धांगवायूचा झटका होता. देवाच्या कृपेने सौम्य. काही आठवड्यांनी ते चालत परत आले. बोलणे स्पष्ट होते, हातही हलत होता. सगळ्यांना वाटले, संकट टळले. त्यांच्या उजव्या हाताला आता स्पर्श कळत नव्हता, हे त्यांनी कुणालाच सांगितले नाही. वैदेहीलाही नाही.

ते माझ्यासमोर उभे राहिले, हात जोडले, आणि हात आत घातला. मी रसरसून तापले होते. श्लोक संपला असावा, तरी हात तिथेच. चटका कळेना, म्हणून त्यांनी मी थंडच आहे असे धरले. त्यांनी आणखी लाकूड घातले. त्या दिवशीचा पाव बाहेरून कोळसा आणि आतून चिकट निघाला. दुसऱ्या दिवशी अंदाजाने लवकर निखारे काढले, तर पाव फुगलाच नाही. असे रोज होऊ लागले.

"स्वामी, घराचं बांधकाम काढलंय का?" शामण्णा मास्तरांनी पाव काउंटरवर आपटून विचारले. "वीट चांगली आहे. फक्त सांगायचंत, मी पाव मागितला होता."

कुणी हसले नाही. गिऱ्हाइकांची रांग रोज लहान होत गेली. दिवाळी जवळ येत होती आणि वैदेही बोलून गेली, "असंच चाललं तर सणानंतर भट्टी विझवू या, अप्पा. सगळ्यांना दुसरीकडे काम शोधायला वेळ तरी मिळेल." विझवणे हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मित्रांनो, भट्टीला मरण वेगळे नसते. एकदा कायमची थंड पडली की विटांत ओल शिरते, आणि मग ती नुसती जुनी भिंत उरते.

त्याच आठवड्यात ते घडले. वरदराजननी हात घातला आणि या वेळी काहीतरी कळेल या आशेने तो श्लोक पुन्हा, आणि पुन्हा म्हणत राहिले असावेत. मी त्यांना भाजत होते. ज्या हाताने मला रोज कुंकू लावले तो हात मी भाजत होते, आणि मला तोंड असून ओरडता येत नव्हते. रायचूरकडची गंगव्वा कोपऱ्यात पीठ मळत होती. साचे धुवायला म्हणून ती आली होती आणि हळूहळू मळायला लागली होती. उंच, मोजके बोलणारी बाई. तिला वास आला. पीठ तसेच टाकून ती धावली आणि तिने त्यांना दंडाला धरून मागे ओढले.

"स्वामी, हात!"

"काय झालं हाताला?"

"जळतोय तुमचा हात!"

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिले. दुसऱ्या कुणाचा तरी हात पाहावा तसे.

संध्याकाळी हाताला पट्टी होती आणि वैदेही त्यांच्यासमोर बसली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. एक तर दुसऱ्याचा हात आत जाईल, नाहीतर आग विझेल."

"कुणाचा हात? आपलं घरचं कोण आहे आता?"

"तुम्हाला आज ओढून काढलं ते कोण होतं?"

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. दिवसभर ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून राहिले, निराहार. द्वादशीला पारणे केले, आणि त्यानंतरच्या पहाटे म्हणाले, "गंगव्वा, हात धुऊन ये. भट्टीपाशी."

ती आली. इतकी वर्षे ओठांत मिटलेला श्लोक त्यांनी तिच्या कानाशी सांगितला. तिने हात घातला आणि एकेक संस्कृत शब्द चाचपत, अडखळत म्हटला. शेवटच्या शब्दाला चटका बसला तेव्हा हात ओढला. पाव आत गेला, आणि बाहेर आला तो पांढराफटक, आत ओला. इतक्या सावकाश म्हटलेला श्लोक संपेपर्यंत हात आत टिकला, म्हणजे मी आधीच उतरले होते.

वरदराजन त्या पावाकडे बघत राहिले. मग इतक्या हळू बोलले की माझ्याशिवाय कुणी ऐकले नसते. "एवढी वर्षं मी झाकून काय ठेवलं होतं?"

पण गंगव्वाने ऐकले होते. "स्वामी, श्लोक तुमचा, हात माझा. दोघांचं जमायचं कसं?"

"तुला दुसरं काय येतं?"

"सौंदत्तीच्या यल्लम्माचं पद येतं. आईनं शिकवलेलं. पण ते..." ती थांबली. "चालेल का भट्टीला?"

त्यांच्या सोवळ्याओवळ्याच्या आयुष्यात तो क्षण सोपा नव्हता. मला विचारले असते तर मी सांगितले असते, की मला तर दोन्ही नावांची ऊब सारखीच लागते. शेवटी ते म्हणाले, "म्हण. मोठ्यानं म्हण. कुठल्या ओळीला चटका बसतो ते आपण दोघं शोधू."

सोपे झाले नाही. कितीतरी सकाळी पाव बिघडला. वरदराजन तिच्या शेजारी उभे राहायचे, डाव्या हाताने पावाची पाठ ठोकायचे, तोडून चाखायचे. "काल दुसरं कडवं संपवलंस. आज एक ओळ आधी थांब." वैदेहीने दाराशी पाटी लावली, 'आज पाव नाही, टोस्ट आहे'. बिघडलेल्या पावाच्या चकत्या करून ती त्या माझ्या शेवटच्या उबेत घालायची. काहीही वाया गेले नाही.

शामण्णा मास्तर पाटी वाचून आत डोकावले. "भट्टीवर आहे तरी कोण?"

"गंगव्वा. शिकतेय," वरदराजन म्हणाले.

"तुमच्या भट्टीवर? स्वामी, तुम्ही तर भाच्यानंतर कुणालाच..."

"मास्तर, तुमच्या वर्गात पोरं पहिल्याच दिवशी पाढे पाठ करून यायची का?"

मास्तरांनी पिशवी पुढे केली. टोस्ट घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणि पाटी वाचून पुन्हा टोस्टच घेऊन गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूची काळजी घ्यायची तर राख काढा, भेगा लिंपा, लाकूड कोरडे ठेवा. हे सगळे वरदराजननी जन्मभर केले, आणि तरी मी विझायच्या काठाला आले होते. कारण माझ्या तोंडाशी ते एकटेच उभे राहिले होते. तुमच्या घरात, दुकानात, शाळेत असे कुणीतरी असेल, ज्याच्या हाताला काही कळते. त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. आणि तुमच्या हाताला काही कळत असेल, तर शेजारी कुणाला तरी उभे करा आणि त्याला चुकू द्या. हे धडधाकट असतानाच करा. एवढेच माझे मागणे आहे.

धनत्रयोदशीच्या पहाटे गंगव्वाने माझ्या तोंडाला हळदकुंकू लावले. लाकूड जळले, निखारे निघाले, फरशी पुसली गेली. तिने हात आत घातला आणि पद म्हणू लागली. शेजारी मळणारा हनुमंत कान देऊन ऐकत होता. ती मध्येच त्याला म्हणाली, "तिकडून काय ऐकतोस? ये, तूही घाल हात." माझ्या घुमटात किती वर्षांनी मोठ्याने देवाचे नाव घुमले! पाव आत गेला. बाहेर आला तेव्हा वरदराजननी तो उलटा करून ठोकला. पोकळ, खणखणीत आवाज आला. गरम पाव त्यांनी डोळ्यांना लावला आणि वैदेहीच्या हातात दिला.

मग पुढच्या तुकडीची वेळ झाली. गंगव्वाने पुन्हा हात आत घातला. मला वाटले, ते आता येऊन उभे राहतील. ते आले नाहीत. आपले स्टूल उचलून ते काउंटरपाशी गेले, रस्त्याकडे तोंड करून बसले आणि शामण्णा मास्तरांची वाट पाहू लागले. माझ्याकडे त्यांची पाठ होती. आयुष्यात पहिल्यांदाच.