नांगरावरचं जहाज

माझी धाकटी जहाजावर कप्तान आहे. कप्तान म्हणून ही तिची पहिलीच फेरी. जहाज लहानसंच आहे. लांबी नव्वद मीटर, पोटात चार हजार टन गहू, आणि भरलं की सहा मीटर पाण्याखाली. माझं शिवणकामाचं दुकान, त्यामुळे मापं पाठ होतातच. गिऱ्हाइकांना कुणी न विचारता ऐकवते.

त्या सकाळी मोबाइलच्या नकाशावरचा तिच्या जहाजाचा ठिपका नदीच्या मुखाशी येऊन थांबला. तिथे पाणी उथळ. दीर चहाला आले होते, त्यांनी डोकावलं.

"वहिनी, रुतलं हो. एवढं मोठं काम पोरीच्या गळ्यात घालायचं कशाला?"

"चहा निवतोय भाऊजी," मी म्हणाले. पण मनात आलं, पहिल्याच फेरीत जहाज गाळात घातलं तर कंपनी तिला दुसरं थोडंच देणार.

जाण्याआधी तिने माझी कात्री दोऱ्याला बांधून पंख्याखाली लटकवली होती. "हे बघ आई, नांगर टाकलेलं जहाज असं फिरतं. ओहोटीत नाक नदीकडे, भरती लागली की समुद्राकडे. रुतलेलं मात्र जागचं हलत नाही." ठिपक्याला एक टोक असतं, तेच जहाजाचं नाक. ते नदीकडे होतं. मी शिवण सोडून त्याच्याकडे बघत बसले. देवाशपथ, एक टाका धड पडेना.

जेवणाच्या सुमारास टोक हळूहळू वळलं. थेट समुद्राकडे.

"बघा, पळ काढला," भाऊजी म्हणाले.

मला हसूच फुटलं. "पळ नाही हो, भरती लागली. नांगर टाकून बसलीय माझी पोर. पाणी चढलं की जाईल आत."

पाणी पुरेसं चढल्यावर ठिपका फिरला, मुखातून आत शिरला आणि नदीतून थेट धक्क्याला लागला. भाऊजी संध्याकाळच्या चहालाही थांबले. माझी छाती अशी फुगली की अंगातलं पोलकं उसवायचं बाकी राहिलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "आई, पोचले गं. भरतीची वाट बघण्यात उशीर झाला."

लहानपणापासून जिच्यामागे 'आटप, आटप' करत आले, तिला मी म्हणाले, "होऊ दे उशीर."

भाऊजींना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच म्हणाले.