वळणावरचा कवडसा

मार्गशीर्षातली सकाळ. दरी धुक्याने काठोकाठ भरलेली. शुभ्र, निःशब्द, मंद मंद हेलकावणारं धुकं. त्या धुक्याच्या या काठावर सड्याची वाडी, त्या काठावर समोरचा डोंगर. सूर्य वाडीच्या पाठीमागच्या कड्याआडून वर येतो, म्हणून पहिला उजेड वाडीला मिळत नाही. तो दरी ओलांडून थेट समोर जातो. पिवळ्या गवताचा, तांबड्या मुरमाचा, काळ्या कातळाचा तो डोंगर नखशिखान्त सुवर्णमय होतो आणि वाडी दहा वाजेपर्यंत कड्याच्या सावलीत काकडत बसते. सकाळ समोरच्या डोंगराची, संध्याकाळ वाडीची, अशी ही वाटणी फार जुनी आहे.

वाडी म्हणायचं तेही सवयीने. घरं बावीस, त्यातल्या चार घरांतून धूर निघतो. बाकीच्या दारांना कुलपं, कुलपांना गंज, आणि अंगणात कमरेएवढं गवत. माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला गेली, मागोमाग त्यांची पोरं गेली. शाळेच्या पटावर शेवटी एकच नाव उरलं: ईश्वरी संपत मोरे, इयत्ता दुसरी. एका नावासाठी शाळा चालवता येत नाही, असं वर कुठेतरी ठरलं आणि शाळेलाही कुलूप लागलं. घंटा मात्र कोणी काढून नेली नाही. वारा सुटला की ती आपली आपण एखादा ठोका देते, आणि वैजयंता हातातलं काम थांबवून उगाच तिकडे बघते.

वैजयंता ही ईश्वरीची आई. वय अठ्ठावीस. नवरा संपत वाशीच्या बाजारात माथाडी. शिमग्याला येतो, दिवाळीला येतो, चार दिवस घर माणसांचं वाटतं, मग पुन्हा भिंतींचं होतं. शेजारी चुलतसासू यशोदाआत्या, अर्धी बहिरी, अर्धी झोपेत. बोलायला असं कोणी नाही. म्हणजे आहे, कोंबड्या आहेत, चूल आहे, दारातली शेवरी आहे. वैजयंता त्यांच्याशी बोलते, आणि त्या बिचाऱ्या ऐकूनही घेतात.

ईश्वरी आता खिंडीपलीकडच्या मोठ्या गावात शाळेला जाते. सकाळी साडेआठला फाट्यावर एसटी येते. वैजयंता तिला बोटाला धरून उतार उतरते, बसमध्ये चढवते, खिडकीशी बसवते. मग पदर खोचते आणि धावत सुटते. दरीला भलाथोरला वळसा घालून, घरघरत, धापा टाकत बस समोरच्या डोंगरावर चढते आणि खिंडीच्या अलीकडच्या वळणावर क्षणभर दिसते. बसला त्या वळणावर पोचायला वीस मिनिटं लागतात. वैजयंताला अंगणात पोचायला अठरा लागतात. उरलेली दोन मिनिटं ती दम खाते.

कारण त्या वळणावर उजेड होतो.

ते घडलं होतं आश्विनात, पाऊस सरून आभाळ धुतल्यासारखं झालं तेव्हा. ईश्वरीला बसमध्येच भूक लागली म्हणून तिने डबा उघडला. स्टीलचा जुना, पोचे पडलेला डबा, वैजयंताच्या रुखवतातला. झाकणावर ऊन पडलं, आणि दरी ओलांडून एक लखलखीत तिरीप थेट सावलीतल्या अंगणात उभ्या असलेल्या आईच्या डोळ्यात शिरली. वैजयंता दचकली. मग हसली. कितीतरी दिवसांनी ती एकटी असताना हसली.

संध्याकाळी दोघींनी मिळून उलगडा केला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो नेमच झाला. वळण आलं की ईश्वरी झाकण काढायची आणि दोनदा लुकलुकवायची. एक तुझा, एक माझा, असं तिनेच ठरवलं होतं. लख्ख. पुन्हा लख्ख. मग बस खिंडीत शिरायची, डोंगर पुन्हा डोंगर व्हायचा, आणि वैजयंता घरात जाऊन दिवसाला भिडायची. तेवढ्या दोन कवडशांवर तिचा अख्खा दिवस निघायचा. धुणं, भांडी, शेण, सरपण, सगळ्या कामांत तो उजेड मिरवायचा.

"एवढं काय बघतीस गं?" यशोदाआत्या ओट्यावरून विचारायची. "यष्टी बघतीस व्हय? यष्टी काय पळून जाती?"

"न्हाई जात, आत्या," वैजयंता म्हणायची. एसटी कुठे जात होती. जात होती ती पोर.

मार्गशीर्ष अर्धा सरला, आणि एक दिवस ईश्वरी शाळेतून आली ती तोंड एवढंसं करून. जेवता जेवता तिने विषय काढला. वर्गातल्या सगळ्या मुलींचे डबे रंगीत आहेत. कप्पे आहेत, कड्या आहेत, वर चित्रं आहेत. तिच्या डब्याचं झाकण पडलं की साऱ्या वर्गाला कळतं. मुली म्हणतात, ईश्वरीचा डबा म्हातारीचा डबा.

आईच्या काळजाला असलं काही फार लवकर लागतं. येत्या बाजाराला वैजयंता स्वतः गेली आणि शोधून शोधून डबा आणला. गुलाबी, हलका, गुळगुळीत, वर पंख पसरलेलं फुलपाखरू. ईश्वरीने तो उशाशी घेऊन झोप काढली. वैजयंताने जुना डबा घासूनपुसून फळीवर उपडा ठेवला आणि पोरीच्या आनंदात आपणही न्हाऊन निघाली. हातून काय गेलं ते तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सोमवारची सकाळ. तेच धुकं, तोच उतार, तीच धाव. वैजयंता अंगणात येऊन उभी राहिली. समोरचा डोंगर झळाळत होता. बस वळणावर आली, तांबडी, काडेपेटीएवढी. वैजयंताने श्वास रोखला.

बस वळली. खिंडीत गेली.

काहीच चमकलं नाही.

खिडकी मिळाली नसेल, ती मनाशी म्हणाली. डुलकी लागली असेल. विसरली असेल. मंगळवारीही बस वळली आणि काहीच चमकलं नाही. बुधवारी तिने पापणी लवू दिली नाही, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यातून डोंगर डळमळला, बस डळमळली, पण उजेड झाला नाही. तीन दिवस ती कोंबड्यांशीही धड बोलली नाही. सगळी कामं उरकायची आणि दिवस मात्र उरायचा.

बुधवारी दहाच्या सुमाराला ऊन कड्यावरून उतरलं आणि कौलांतल्या काचेतून घरात आलं. फळीवरच्या जुन्या डब्यावर पडलं. समोरच्या शेणाने सारवलेल्या भिंतीवर एक कवडसा थरथरू लागला. ओळखीचा, लख्ख, तळहाताएवढा. वैजयंता हातात केरसुणी घेऊन बघत राहिली. उजेड तिनेच फळीवर उपडा घातला होता. स्वतःच्या हाताने, वर घासून पुसून.

पण तेवढ्याने समाधान झालं नाही. मनात एक बारीकसं कुसळ राहिलंच. पोर काही बोलली कशी नाही? आई, आता उजेड पडत नाही, एवढंही नाही? फुलपाखराच्या नादात ती वळण विसरली का? घराकडे बघायचंच विसरली का? आज ना उद्या विसरणारच आहे, हे वैजयंताला कळत होतं. सगळी वाडी अशीच तर गेली. आधी नजर गेली, मग माणसं. पण इतक्यात? दुसरीतच?

विचारायचं नाही, असं तिने ठरवलं. विचारलं तर ती ओशाळेल आणि उद्या आरसा नेऊन चमकवेल. मागून घेतलेला उजेड तिला नको होता. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की खिडकीत बसलेले दोन डोळे अजून या अंगणाकडे वळतात की नाही.

संध्याकाळ वाडीची. चार वाजून गेले की सूर्य खिंडीच्या वर येऊन उभा राहतो आणि सकाळभर सावलीत बसलेली वाडी केशरी, तांबूस, मधाळ उन्हात निथळू लागते. गंजलेली कुलपं उजळतात. वाढलेलं गवत उजळतं. बंद शाळेची मुकी घंटासुद्धा उजळते. वैजयंता जुन्या डब्याचं झाकण घेऊन अंगणात आली. आधी तिने कवडसा शेवरीच्या बुंध्यावर पाडून बघितला, मग यशोदाआत्याच्या भिंतीवर. आत्या ओट्यावर पेंगत होती म्हणून बरं, नाहीतर गावभर झालं असतं. गाव म्हणजे चार घरं, पण झालं असतं. हा आपण काय पोरकटपणा करतोय, असं वाटत होतं. तरी तिने झाकण सोडलं नाही.

परतीची बस वळणावर आली. वैजयंताने झाकण उन्हाला दिलं. एक तुझा. मनगट वळवलं, पुन्हा दिलं. एक माझा. आणि बस उतरणीला लागलेली बघताच झाकण कमरेला खोचून ती फाट्याकडे धावली.

बस थांबली. ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "ताई, तुमच्या वाडीवरनं काय चमकत हुतं वो? डोळं दिपलं की माझं."

वैजयंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पदर सारखा करून झाकण लपवलं. तेवढ्यात पायरीवरून ईश्वरीने खाली उडी मारली आणि वर बघून ठणकावून सांगितलं, "ती माझी आई हुती, काका!"

दोघी चढाला लागल्या. मग ईश्वरीने आईचं बोट धरलं.

"दोनदा केलंस न्हवं? मी बघितलं. पळत पळत त्या बाजूच्या खिडकीला गेले."

"बघितलंस?"

"मी पण रोज करती की."

वैजयंता थांबली. "काय करतीस?"

"हात. ह्या डब्यातनं उजेडच पडंना, आई. पयल्याच दिवशी बघितलं, कसा पण फिरवला, पडंना. मग खिडकीतनं हात केला. सोमवारी केला, काल केला, आज पण केला." ईश्वरीने मान वर करून आईकडे बघितलं. "तुला दिसतोय न्हवं?"

अंगणातून त्या वळणापर्यंत सगळी दरी आहे. तिथली बस काडेपेटीएवढी, बसची खिडकी तिळाएवढी, आणि त्या खिडकीतला सात वर्षांचा हात... तो घारीलाही दिसला नसता. तीन सकाळी तो हात हलत होता. तीन सकाळी आई इकडे रित्या डोंगराकडे बघून झुरत होती आणि लेक तिकडे सावलीत बुडालेल्या घराकडे बघून हात करत होती. पोरीवर संशय घेतला आपण. एवढ्याशा पोरीवर.

"दिसतोय की," ती म्हणाली.

"मग सांग, कितीदा करती?"

"दोनदा. एक तुझा, एक माझा."

ईश्वरी इतक्या जोरात हसली, की वाटेकडेच्या गवतातून लाव्हे भुर्रकन उडाले. "दिसतोय! दिसतोय!" म्हणत ती पुढे पळाली, दप्तरात गुलाबी डबा खुळखुळवत. वैजयंता मागून सावकाश चढत राहिली. खोटं बोलल्याचं तिला मुळीच वाईट वाटलं नाही. फार फार एकटं मात्र वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबी डब्यात भाकरी भरून तिने हळूच जुनं झाकण दप्तरात सरकवलं. ईश्वरीने ते बाहेर काढलं आणि आईच्या हातात दिलं.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. मला हात हाय. तू सांजच्याला काय करशील?"

वैजयंताचं बोलायचं ते काल चढावर बोलून झालं होतं. दिसतोय म्हणालेल्या माणसाने आता दिसत नाही कसं म्हणायचं? तिने झाकण पदराने पुसलं आणि फळीवर ठेवलं, या वेळी उताणं.

उतार, फाटा, बस, चढ. अठरा मिनिटं धाव, दोन मिनिटं दम. ती सावलीतल्या अंगणात उभी राहिली. समोरचा डोंगर सोन्याचा झाला होता. तांबडी बस वळणावर आली. कुठे काही चमकलं नाही, कुठे काही हललं नाही; वळण उजळलेलं होतं आणि रिकामं होतं.

वैजयंताने हात वर केला. एकदा. मग थोडं थांबून, पुन्हा एकदा.

बस खिंडीत गेली. तरी हात वरच होता. दरीच्या त्या काठावर एक हात, दरीच्या या काठावर एक हात, आणि मधे धुकं, शुभ्र, निःशब्द, काठोकाठ.