घट्ट शिवलेलं बटण

दादा दवाखान्यातून दुसऱ्यांदा घरी आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या चालू ठेवाच, पण त्यांच्या हातांना काम द्या. नाहीतर पुन्हा अंथरूण धरतील." सांगायला काय जातंय! मी दिवसभर शिंप्याच्या दुकानात काज-बटणाचं काम करते, घरी येऊन स्वयंपाक, मग त्याच्या गोळ्या. त्याच्यासाठी काम कुठून आणू?

शेवटी मी थाप मारली. आमच्या मास्तरांकडून, म्हणजे शिंप्याकडून, जुन्या बटणांचा डबा मागून आणला आणि दादाला म्हटलं, "रंगाप्रमाणे वेगळी करायची आहेत. दुकानात हवीत." कित्येक दिवसांनी तो आपणहून उठून बसला. संध्याकाळी येऊन बघते तर सहा बरण्या ओळीने भरलेल्या.

दुकानात त्या बटणांना कुत्रं विचारत नव्हतं. मग रोज सकाळी तो अंघोळीला गेला की मी सहाही बरण्या डब्यात ओतायची, डबा खळखळ हलवायची आणि नवा माल आलाय म्हणून टेबलावर ठेवायची. असे आठ महिने. स्वतःच्याच थापेची इतकी चाकरी कुणी केली नसेल.

एका सकाळी कंबर इतकी धरली होती की डबा हलवता हलवता मी खुर्चीत बसूनच राहिले. बघते तर दादा डोकं पुसत दारात उभा.

"राहू दे, चिमे," तो म्हणाला. मी शेहेचाळीस वर्षांची झाले, त्याच्यासाठी अजून चिमीच. "ते टवका उडालेलं निळं बटण मला रोज भेटतं."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग करत कशाला बसलास?"

"तू एवढी धडपडायचीस. म्हटलं, हिला तेवढंच बरं वाटतंय."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. त्याचा की माझा, ते सांगता येणार नाही. तो जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी उठला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

चौथ्या दिवशी मी मास्तरांना सगळं सांगून टाकलं. मास्तर तोंडाचे फटकळ. "लाड करायला मी रिकामा नाही, ताई," म्हणाले, पण एक जाड कोट माझ्या पुढ्यात टाकला. "चार बटणं लावायची. बिघडवलं तर मी बोलणार."

कोट बघून दादा उठला आणि त्याने चारही बटणं घट्ट लावली. दुसऱ्या दिवशी मी कोट दुकानात नेला, तर मास्तरांचा पारा चढला. "बटण काजात शिरतंय का बघा! जाड कापडाला बटणाखाली धागा जरा सैल सोडायचा असतो, एवढं कळत नाही? सगळी उसवून परत लावायला सांगा त्यांना. उद्या नऊला गिऱ्हाईक दारात उभं राहील."

घरी जाताना पाय उचलत नव्हता. एवढ्या तेवढ्या बोलण्याने हा माणूस महिनामहिना उठत नाही, त्याला हे कसं सांगू? कोट मीच नीट करून टाकावा, असंही मनात आलं. पण आता थापा मारायचंही त्राण उरलं नव्हतं.

मास्तर बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं.

"चिडले?" दादाने विचारलं.

"चांगलेच."

"खरंच चिडले?"

"तुझी शपथ."

त्याने कोट मांडीवर ओढून घेतला. एका बटणावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे हा कुणीतरी घालणार आहे," तो म्हणाला आणि चक्क हसला. "कातर कुठे आहे, चिमे? आणि ते सैल कसं सोडायचं, नीट दाखव. उद्या नऊच्या आत द्यायचाय."