खांबाच्या अलीकडची रेती

"काय गो तेजू, तुझे भावाचा पाय मोडला, तरी तो खांब सातवाच?"

कमळाबाईने कप असा आदळला की अर्धा चहा बशीत सांडला. खाटेवर प्लास्टरमधला पाय उशीवर टाकून तिचा मुलगा कल्पेश गालातल्या गालात हसत होता.

तेजस्वीने यादी बदलली नाही. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत रस्त्याकडेचे कोणते धोके आधी दूर करायचे, हे ठरवणं तिचं काम. हिशेब सरळ होता: खर्च किती, आणि त्यातून किती माणसं वाचतील. विठ्ठलवाडीचं उघडं गटार थोड्या खर्चात झाकता येत होतं, म्हणून ते पहिलं. खरवईच्या वळणावरचा विजेचा खांब हलवायचा तर अख्खी लाइन सरकवावी लागणार, म्हणून तो सातवा.

"आत्या, आपल्या माणसाला लागला म्हणून खांब स्वस्त होत नाही."

"मग अजून कोनाचा तरी मोडू दे!"

हे मात्र तिला लागलं. वळण काही अवघड नव्हतं. मग गाड्या तिथेच का आदळतात? तिने फोनवर त्या जागेच्या अपघातांचे जुने फोटो उघडले. प्रत्येक फोटोत खांबाच्या अलीकडे रेतीचा ढीग होता. गावात ज्याचं बांधकाम निघे, तो तिथेच ट्रक रिकामा करी. एकाची रेती संपेपर्यंत दुसऱ्याची येऊन पडे. तिने पाहणीत झाडं, खांब, गटारं टिपली होती. रेती काय, आज आहे उद्या नाही, म्हणून सोडून दिली होती.

"कल्पेश, खांबावर गेलास कसा?"

"रेतीला वळसा घातला, तर समोरून टेम्पो. गाडी डावीकडे दाबली, खल्लास."

"रेती कोणाची?"

कल्पेशने वर, आपल्याच घरावर चढत असलेल्या माडीच्या अर्धवट भिंतींकडे पाहिलं. "म्हणजे आये, माझा पाय तूच मोडलास!"

"गप रं," कमळाबाई म्हणाली. प्लास्टरवरून तिने एकदा हात फिरवला.

तेजस्वीने यादीच्या डोक्यावर एक ओळ वाढवली. "खांब सातवाच राहणार, आत्या. रेती पहिली."

"खर्च किती?"

"आपली एक संध्याकाळ."

कमळाबाईने पदर खोचला. "घमेली दोन हायेत. एक तू घे. उद्या बुधाजीचे रेतीचा ट्रक येनार हाय तिथं. त्याला मी बघते."