गोंगाटाआडची प्रार्थना

चोंगामपो बंदरात कोणाच्या घरात काय शिजतंय ते गल्लीच्या टोकापर्यंत माहीत असे. एकच गोष्ट कोणाला माहीत नसे, ती म्हणजे पहाटेच्या प्रार्थनेत कोण देवाला काय सांगतं. याचं श्रेय लोकांच्या सभ्यतेला नव्हतं, आवाजाला होतं.

पहाटे चर्चमध्ये मंडळी जमली की पाळक प्यॉन मोक्सानिम छोटंसं प्रवचन करीत. छोटंसं हा शब्द त्यांचा स्वतःचा. मग दिवे मंद होत, सगळे मिळून "जूयॉ!" अशी प्रभूच्या नावाने तीनदा आरोळी ठोकत, आणि त्यानंतर जो तो आपलं गाऱ्हाणं एकाच वेळी, घसा फाटेस्तोवर ओरडून मांडू लागे. कोणी रडे, कोणी बाक बडवी. एवढी माणसं एकदम ओरडू लागली की शेजारच्याचं एक अक्षर कानावर येत नाही. कॅथलिकांकडे पापं सांगायला लाकडी खोपटं असतं म्हणतात. इथे ते खोपटं गोंगाटाचं होतं, आणि ग्वॅक मालसुन त्यात गेली तीसेक वर्षं बिनघोर बसत आली होती.

मालसुन सत्तरीला टेकलेली विधवा. बंदरावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती कालवं फोडायची. चर्चने तिला वडीलधाऱ्या बायकांना देतात ती ग्वोन्सा ही पदवी दिली होती. त्यामुळे लोक तिला ग्वोन्सानिम म्हणत, आणि ती शिव्या जरा आवाज खाली करून देई.

चर्चच्या वरच्या मजल्यावर 'पहाटवाणी' रेडिओ होता. रेडिओ म्हणजे अंड्यांचे ट्रे भिंतींना चिकटवलेली एक खोली. तिचे प्रमुख, निवेदक आणि तारा जोडणारे सगळे प्यॉन मोक्सानिमच. पहाटेच्या प्रार्थनेचा कल्लोळ छताला टांगलेल्या माइकमधून होड्यांवर, टॅक्स्यांमध्ये आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या उशाशी पोचे. ऐकणाऱ्यांना तो आवडे. त्यात आपलंही दुखणं मिसळून ओरडता येई, शिवाय नावाड्यांना डुलकी लागत नसे.

त्या आठवड्यात छताचा माइक मेला. मोक्सानिमनी नवा आणला. जवळचा आवाज तेवढा उचलायचा आणि बाकीचा गोंगाट गाळून टाकायचा, हा त्याचा गुण आहे असं दुकानदार म्हणाला होता, आणि मोक्सानिमनाही तो गुणच वाटला. शोभा जाऊ नये म्हणून त्यांनी माइक शेवंतीच्या कुंडीत फुलांआड उभा केला आणि कुंडी ठेवली डावीकडच्या दुसऱ्या बाकासमोर. तिथे मालसुन बसे. तिच्या शेजारची जागा तिची मैत्रीण दॉकशिमची, जिला ती ओन्नी म्हणजे ताई म्हणे. पण दॉकशिमचा गुडघा सुजला होता, म्हणून ती त्या दिवशी घरी पडून रेडिओ ऐकत होती.

तीन आरोळ्या झाल्या आणि मालसुन डोळे मिटून सुरू झाली.

"परमेश्वरा, काल सांगितलं ते तू ऐकलंस की नाही कोण जाणे, तुझ्याकडे गर्दी फार. म्हणून पुन्हा सांगते. दॉकशिम ओन्नीचं इंचॉनला मुलाकडे जाणं मोड. कसं मोडायचं ते तू बघ. चौदावा मजला आहे, लिफ्ट बंद पाड. सुनेचं मन फिरव. मोठमोठ्या राजांची मनं तू दगड केलीस, एका सुनेचं करायला तुला काय जड आहे? मी तिला तोंडावर म्हटलं, जा, सुखात राहा. ते खोटं होतं, ते धरू नकोस. ती गेली की माझ्या शेजारी कोण बसणार? ती पार्क? ती कालवापेक्षा जास्त तोंड उघडते! आणि हो, चर्चचे वडील म्हणून मिरवत गाणाऱ्या त्या नामचा घसा बसव. कायमचा नको, रविवारपुरता. आणि मोक्सानिमचं प्रवचन आखूड कर. तुलाही कंटाळा येत असेल, तू बोलत नाहीस एवढंच."

चर्चमधल्या कोणालाही यातलं काही ऐकू गेलं नाही. बाकी सगळ्या चोंगामपोला गेलं.

मन हलकं करून मालसुन बाहेर पडली. उतारावर एक टॅक्सी हळू झाली आणि चालकाने काच खाली केली.

"आजी, आमेन!"

"तू तर बुद्धाचा ना रे?"

"आहेच. पण तुमचं पटलं बघा."

काय पटलं हे मालसुनला कळेना. मासळीवाल्याने तिला न मागता एक बांगडा जास्त दिला आणि म्हणाला, "माझ्याही सासूचं बघा ना, तुमचा वशिला दिसतोय." शेडमध्ये पाऊल टाकताच सगळ्या बायकांच्या सुऱ्या थांबल्या. दॉकशिमचं स्टूल रिकामं होतं. पार्क मात्र हजर होती.

"या, ग्वोन्सानिम," पार्क म्हणाली. "आज मी तोंड मिटूनच बसणार आहे."

"का गं, दात दुखतोय?"

"कालवापेक्षा जास्त उघडतं म्हणे."

मालसुनच्या हातातून हातमोजा गळून पडला. शब्द तिचे होते. ती तिथल्या तिथे मटकन बसली, ती नेमकी दॉकशिमच्या स्टुलावर, आणि चटका बसल्यासारखी पुन्हा उठली.

"सगळं ऐकू आलं?"

"सगळं नाही. मोक्सानिमचं प्रवचन आलं तिथे आमच्या हसण्याने थोडं बुडालं."

"आणि ओन्नीने?"

बायकांनी सुऱ्या पुन्हा चालवल्या. मग पार्कने, तोंड मिटून ठेवायचं ठरवूनही, सांगितलं, "तिने सकाळी फोन केला होता मालकांना. आजपासून येत नाही म्हणाली. परवा ट्रक येणार आहे. आणि मालसुनला माझ्या दारात पाठवू नका, असंही."

त्या दिवशी 'पहाटवाणी'चा फोन खाली ठेवायला सवड मिळाली नाही. एका ट्रॉलरच्या तांडेलाने ती प्रार्थना पुन्हा लावा म्हणून मागणी केली, कारण बोटीवरची अर्धी माणसं झोपली होती. एका बाईने विचारलं, देवाकडे दुसऱ्याचं वाईट मागणं पाप आहे का, आणि असेल तर आपण कालच मागितलेलं परत कसं घ्यायचं. नाम वडिलांनी हवेवर येऊन आपला घसा उत्तम असल्याचं जाहीर केलं आणि पुराव्यादाखल एक कडवं गायलं. त्यानंतरचे सगळे फोन मालसुनच्या बाजूने आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मंडळी जमली तेव्हा प्रत्येकाची नजर कुंडीवर. आरोळ्या झाल्या, पण पुढे गाडी अडली. ज्याने त्याने देशासाठी, राष्ट्राध्यक्षांसाठी आणि दूरदेशीच्या अनाथांसाठी अशी सुबक, इस्त्री केलेली प्रार्थना केली, तीही हळू आवाजात. मालसुन आलीच नाही. तासाभरात एका नावाड्याचा फोन आला की आज रेडिओला काय झालंय, माझा माणूस सुकाणूवर झोपला.

त्याच सकाळी प्यॉन मोक्सानिम मालसुनच्या दाराशी आले. हातात पेअर फळांची पेटी होती, म्हणजे अर्धी माफी आणि अर्धी काहीतरी मागणी.

"ग्वोन्सानिम, चूक माझी. माइक मी वर टांगतोय पुन्हा."

"टांगा. आणि त्याच्या शेजारी स्वतःलाही."

"प्रवचनही आखूड करतोय."

"एवढ्यात? मग देव ऐकतो म्हणायचा."

मोक्सानिम कसनुसं हसले. मग चप्पल काढू की नको अशा बेतात उभे राहून त्यांनी मुद्द्याला हात घातला. "श्रोत्यांची मागणी आहे. आठवड्यातून एकदा, तुम्ही आणि माइक. तुम्ही बोलता तसंच."

"मोक्सानिम, माझी जन्माची मैत्रीण तुमच्या त्या कुंडीने घालवली. तिच्या दारात मला मज्जाव आहे. आणि तुम्हाला कार्यक्रम पाहिजे?"

मोक्सानिम म्हणाले, "आणखी एक आहे. एक फोन आला होता, तो मी हवेवर घेतला नाही. इंचॉनहून. तुमच्याशीच बोलायचं म्हणाली." त्यांनी नंबर दिला आणि पेटी उंबऱ्यावर ठेवून ते घाईने उतरले.

मालसुनने फोन लावला. पलीकडे दॉकशिमची सून हेजिन होती, आवाज दबका, मागे नळ सोडलेला.

"ओरडून घे, ऐकून घेईन," मालसुन म्हणाली. "तुझं मन दगड कर म्हटलं मी."

"आजी, करायची गरजच नव्हती." नळ आणखी मोठा झाला. "सासूबाईंनी सांगितलं म्हणून मी रोज फोनवर तुमचा रेडिओ लावते. काल ऐकलं आणि भांडं हातातून पडलं. हीच प्रार्थना मी पण करते. कितीतरी महिने. घर दोन खोल्यांचं, मुलगी परीक्षेची, मी रात्रपाळीला. त्या वाईट नाहीत हो. पण माझ्या स्वयंपाकघरात दोघी मावणार नाहीत, आणि ह्यांना सांगायची सोय नाही, आईचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी. तुम्ही थांबू नका, आजी. मी एकटी मागून थकले."

फोन ठेवल्यावर मालसुनने पेअरची पेटी उंबऱ्यावरून आत ओढली. हुकमाचं पान असं आपोआप हातात येईल असं तिला वाटलं नव्हतं. जायचं आणि एवढंच म्हणायचं: ओन्नी, तुझ्या सुनेला तू नको आहेस. ट्रक आल्या वाटेने परत गेला असता. तिने अंगावर कोट चढवला आणि ती निघाली.

दॉकशिम अंगणात, ट्रकसाठी काढून ठेवलेल्या आंबवलेल्या सोयाबीनच्या मोठाल्या बरण्या फडक्याने पुसत होती. वर न बघता म्हणाली, "पाठवू नका सांगितलं होतं."

"पाठवलं नाही कोणी. स्वतःच्या पायाने आले."

"चौदावा मजला!" दॉकशिमने फडकं बरणीवर आपटलं. "लिफ्ट बंद पडली तर चढणार कोण? तू? हा गुडघा बघ! जरा तरी विचार करून मागायचं होतंस."

"त्या वेळी सुचलं नाही."

"सगळ्या गावाने ऐकलं. सकाळपासून तीन जणी येऊन सांगून गेल्या, जणू मला रेडिओ नाही. आणि सून काय म्हणत असेल? बिचारी परवा सांगत होती, तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा रिकामी केलीय, आई."

मालसुनच्या जिभेवर सगळं तयार होतं. तिने दॉकशिमकडे पाहिलं. पुसून पुसून लाल झालेले हात, वर नेऊन बांधलेले चार केस, आणि खिडकीजवळच्या त्या जागेबद्दल बोलताना चेहऱ्यावर आलेला थोडासा ताठा. नवरा गेल्यावर त्या चेहऱ्यावर ताठा येण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. मालसुनने तयार शब्द गिळले. ते कालव गिळावं तसे सहज गेले नाहीत, शिंपल्यासकट गेले.

"सून चांगली आहे तुझी," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. तू जाऊ नकोस."

"का?"

"का म्हणजे? मला एकटीला जमायचं नाही. जेवताना समोर कोण नसलं तर मी उभ्यानेच जेवते. शेडमध्ये तू नसलीस तर मी कोणाला नावं ठेवू, आणि कोणाजवळ? जाऊ नकोस, ओन्नी. बस."

दॉकशिम बरण्यांच्या ओट्याच्या कडेवर बसली. "ही अक्कल आधी कुठे होती? मी जाते म्हटलं तेव्हा सगळे म्हणाले, नशीबवान आहेस, जा जा. सगळ्यात मोठ्याने कोण म्हणालं? तू! मी घरी येऊन रडले, माहीत आहे? म्हटलं, हिला जागा मोकळी पाहिजे दिसते."

"मला वाटलं, तुझ्या मनात जायचं आहे."

"माझ्या मनात! मला समुद्राचा वास नसला तर बद्धकोष्ठ होतं, हे तुला ठाऊक नाही?" तिने नाक पुसलं. "देवाला सांगायला जीभ आहे, मला सांगायला नाही. तो काय मला येऊन निरोप देणार होता?"

"रेडिओने दिला की."

दॉकशिम हसायचं नाही म्हणून हसली नाही, पण खांदे हलले. मग एकदम गंभीर झाली. "ट्रकवाल्याचं काही नाही, शिव्या घातल्या की ऐकतो. पण हेजिनला कसं सांगू? पोरगी किती आस लावून बसलीय. तिचं मन मोडेल."

"सांग हळू."

दॉकशिमने फोन लावला आणि मालसुनलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. "हेजिन, बाळा, रागावू नकोस हं. मी नाही येत. इथल्या लोकांना माझ्याशिवाय करमत नाही."

पलीकडून एक हुंदका आला, खोल, मनापासूनचा. "अय्या, आई! असं काय करता? सगळी तयारी केली होती." आणि हेजिन खरोखरच रडू लागली. नाकाने, तोंडाने, खूप दिवसांचं साचलेलं बाहेर पडावं तसं.

मालसुनने मान फिरवली आणि बरण्यांचीच झाकणं नीट करायला घेतली.

फोन ठेवला तेव्हा दॉकशिमचे डोळे भरले होते. "ऐकलंस? अशी सून मिळत नाही."

"नाही मिळत," मालसुन म्हणाली.

"पुढच्या महिन्यात जाऊन येते. चार दिवस राहते, तिच्या समाधानासाठी."

"दोन पुरेत," मालसुन घाईने म्हणाली. "चल, बरण्या परत जागेवर ठेवू. ती शेवटची तू उचल, माझी कंबर धरलीय."