नागव्वा माझ्याशी बोलायची

मी काठवट बोलतेय. भाकरी थापायची, लाकडाची, काठ झिजलेली. काठवटीनं कशाला बोलावं, असं तुमच्या मनात आलंच असेल. येऊ द्या. कुणी कधी आणि कोणत्या भाषेत बोलावं हे दुसऱ्यानं ठरवायचं, या गोष्टीची मला पहिल्यापासून चीड आहे. म्हणून आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

माझा जन्म मैंदर्गीच्या पलीकडचा. बांधावरची बाभूळ वाऱ्यात पडली, तिच्या बुंध्यातून बसलिंगप्पा सुतारानं मला कोरून काढलं. तो तासताना कानडीत पुटपुटायचा, त्यामुळे मला आधी कानडी समजू लागली. त्याच्या शेजारच्या धनगराच्या पोरीचं, नागव्वाचं, लग्न ठरलं आणि बापानं मला तिच्या भांड्यांत घातलं. आधी बैलगाडी, मग आगगाडी, असं करत आम्ही दोघी सोलापूरला आलो. तिला मराठी येत नव्हती, मलाही नाही. मी पुढे शिकले ती तिच्या सासूच्या शिव्यांतून.

नवरा बिरप्पा मेंढरं चुलत्याला सोपवून गिरणीत लागलेला. चाळीत एक खोली, आणि त्या खोलीवर राज्य गोजाबाईचं, म्हणजे बिरप्पाच्या आईचं. ती माढ्याकडची. बाई वाईट नव्हती, हे मी कबूल करते. पण एखादी गोष्ट तिच्या डोक्यात बसली की ती काढणं कुणाच्या बापाला जमत नसे.

एकोणीसशे एकवीस साली मायाक्का झाली. पोर हसरी, तुरुतुरु चालणारी, पण तीन वर्षं उलटली तरी तोंडातून शब्द नाही. हवं ते बोटानं दाखवायची. चाळीतल्या बायांना विषय मिळाला. कुणी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं, कुणी पोपटानं उष्टा केलेला पेरू आणून दिला. मायाक्कानं पेरू आवडीनं खाल्ला आणि आणखी हवा म्हणून बोट दाखवलं.

मग गोजाबाईनं कारण शोधून काढलं. "आई कानडी बोलती, बाप मराठी. पोरीच्या जिभेला गाठ पडलीया. तिनं धरायची तरी कंची?"

"आये, मला बी दोन येत्यात की," बिरप्पा म्हणाला.

"तू मेंढरामागं हिंडून शिकलास, थोर झाल्यावर. ही एवढुशी हाय."

तिनं नागव्वाला देव्हाऱ्यातल्या बिरोबापुढे बसवलं आणि तिच्या हातात बेल-भंडारा दिला. गोजाबाई एकेक शब्द सांगत गेली, नागव्वा मागून म्हणत गेली. मी माझ्या पोरीशी कानडी बोलणार न्हाय. शपथ पुरी झाली तेव्हा नागव्वाच्या बोटांना पिवळा भंडारा लागला होता आणि डोळे भरले होते.

"दसऱ्यापतूर बगू," गोजाबाई म्हणाली. "तवर बोलली न्हाय, तर पोरीला घिऊन मी भावाकडं माढ्याला जाते. तितं तिच्या कानावर दुसरं काय पडायचं न्हाय. तू हितंच ऱ्हा."

आखाड चालू होता. म्हणजे हातात तीन महिने.

नागव्वाची मराठी किती? मीठ, पाणी, व्हय, नको, जेवा. तेवढ्या शब्दांत आईपण निभावतं का, मला सांगा. पोरीला निजवताना ती नुसती थोपटायची. पोर तिच्या तोंडाकडे बघत राहायची आणि नागव्वा ओठ मिटून मान वळवायची. त्या दिवसांत एकही भाकरी धड झाली नाही, प्रत्येकीला चिरा. गोजाबाई ज्वारीला नावं ठेवायची. ज्वारी चांगली होती.

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी सकाळी, गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी, नागव्वानं मला चुलीपुढे घेतलं, पीठ घातलं, मायाक्काला शेजारी बसवलं. आणि पोरीकडे न बघता, माझ्याकडे बघून, कानडीत म्हणाली, "आज पीठ जाडं आलंय बघ."

मी चकित झाले. ती माझ्याशी बोलत होती! शपथ पोरीशी न बोलण्याची होती, माझ्याशी नव्हे. देवाला भिणारी ती बाई, तिनं शपथेचा एक शब्द मोडला नाही आणि एका शब्दाला भ्यालीही नाही.

मग ते रोजचंच झालं. पाणी किती तापलंय, माहेरच्या कोणत्या मेंढीचा कान फाटलाय, कोकरू आईला आवाजावरून कसं ओळखतं, सगळं मला सांगायची. मला प्रश्न विचारायची आणि थांबायची. मी कसलं उत्तर देते? मग हसून तीच द्यायची. मायाक्का पिठाचा गोळा चिवडत बसलेली असे, पण प्रश्न आला की तिचा हात थांबे. आधी आईकडे बघायची, मग माझ्याकडे. या काठवटीला एवढंही येत नाही, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसायचं.

गोजाबाईला सुगावा लागलाच. "कुनाशी बोलतीस गं?"

"काटवटीशी, आत्या."

"येडी झालीस व्हय?"

नागव्वा भाकरी थापत राहिली. गोजाबाईनं शपथ मनात परत म्हणून पाहिली असणार. शब्द तिचेच होते, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. ती धुसफुसत सरपण आणायला गेली.

दसऱ्याला पाच दिवस राहिले. गोजाबाईचं गाठोडं बांधून तयार होतं, मायाक्काची दोन झबलीही त्यात गेली होती. त्या सकाळीही नागव्वानं मला चुलीपुढे घेतलं. तिनं माझ्यात तांब्यानं पाणी घातलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "नीरु साका?" पाणी पुरे का? विचारून ती थांबली.

"साकु," मायाक्का म्हणाली. पुरे.

तांब्या नागव्वाच्या हातून सुटला. सगळं पीठ पाण्यात गेलं. पोर चिडली. पुरे म्हटल्यावर एवढं पाणी कशाला ओतलं, म्हणून तिनं आईला कानडीत चांगलं पाच-सहा शब्दांत सुनावलं. आवाज ऐकून गोजाबाई धावत आली, तशी मायाक्का तिच्याकडे वळली.

"आजे, पीठ भिजलं. भाकर न्हाय."

आईला आईची भाषा, आजीला आजीची. कुणाशी काय बोलायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पोरीच्या जिभेला गाठ कधी नव्हतीच, ती चाळीच्या डोक्यात होती. मला तेव्हा इतका आनंद झाला की भिजून चिखल झालेलं पीठही मला गोड लागलं.

गोजाबाई त्या चिखलापुढे येऊन बसली. म्हणाली, "शपथ मोडलीस तू." आवाजात जोर नव्हता.

"न्हाय, आत्या. मी पोरीशी न्हाय बोलले. पोरगी माज्याशी बोलली." नागव्वानं मायाक्काला मांडीवर ओढलं. तिची मराठी एवढी लांब कधी गेली नव्हती. "आता मी बोलनार."

त्याच दुपारी गाठोडं सुटलं आणि झबली परत दांडीवर गेली.

पुढे शाळेत नाव घालायला गोजाबाई स्वतः गेली, सोबत बिरप्पा. घरी कोणती भाषा बोलता, असं मास्तरांनी विचारलं म्हणे. बिरप्पा घरी येऊन हसत सांगत होता, आये म्हणाली, "दोनी. तुमाला काय तरास हाय?"

मायाक्काची पाटी पहिल्याच वर्षी फुटली. मग सकाळी ती माझ्यात पीठ पसरून बोटानं अक्षरं काढायची, आणि शाळेतल्या त्या अक्षरांत आईचे कानडी शब्दही लिहायची. नागव्वा गिरवायची. "अन्नात लिवत्यात व्हय?" म्हणून गोजाबाईनं एकदा आरडाओरडा केला.

"भाजून खातो की, आत्या," नागव्वा म्हणाली.

नागव्वानं आयुष्यात वाचलेला पहिला शब्द होता 'अव्वा', म्हणजे आई. तो तिनं मोडला, मळला, थापला आणि लेकीच्या ताटात वाढला.

आज मायाक्का सतरा वर्षांची आहे, फायनलच्या परीक्षेला बसतेय. घरात पितळी परात आली. मला मधोमध चीर गेली, म्हणून दाराबाहेर कोंबड्यांना दाणे टाकायला ठेवलं. परवा बिरप्पा मला सरपणात घालायला निघाला होता. तेवढ्यात शेजारची रत्नम्मा डोळे पुसत आली. विणकराची बायको, बोली तेलुगू. लेक अडीच वर्षांची, बोलत नाही. नवऱ्यानं घरातली तेलुगू बंद केलीय आणि हिला दुसरं काही धड येत नाही.

मायाक्कानं बापाच्या हातून मला काढून घेतलं, पदरानं पुसलं आणि रत्नम्माच्या हातात दिलं. "मावशी, ही घिऊन जा. हिच्याशी बोला."

तर आता मी रत्नम्माच्या चुलीपुढे आहे आणि म्हातारपणी तेलुगू शिकतेय. चिरेतून पीठ गळतं, पण अजून भाकरी होते. तुम्हालाही कुणी पोराशी तुमच्या भाषेत बोलू देत नसेल, तर माझ्यापुढे येऊन बसा. मी लाकूड आहे, मला कुणाची शपथ लागत नाही. माझ्याशी बोला, मला विचारा, आणि विचारून जरा थांबा. उत्तर मी देणार नाही. शेजारी जे बसलंय ते देईल.